सुरकुतलेलं बी

लेकीनं बियांची पुडी माझ्या तळहातावर रिकामी केली, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते असं : "फसवलं की गं तुला दुकानदारानं!"

मक्याचं बी मला नवं नाही. टपोरा, पिवळाधमक, दाताखाली धरला तर दातच हलावा असा दाणा मी लहानपणापासून ओटीत घेऊन टोकलेला आहे. आणि हे बी? म्हातारीचे गाल आत बसावेत तसं आत बसलेलं, सुरकुतलेलं, फुंकर मारली तर उडून जाईल इतकं हलकं. आमच्याकडं असलं बी कुणी कोंबड्यांपुढंही टाकलं नसतं.

लेक हसली. म्हणाली, "आई, गोड मक्याचं बी असंच असतं. मका जितका गोड, तितकं बी सुरकुतलेलं."

हे वाक्य मी त्या वेळी नुसतं ऐकलं. ते मनात उतरायला मला पुढचे पाच महिने लागले.

ही गोष्ट २०२३ च्या एप्रिलमधली. जावई वेल्समधल्या एका इस्पितळात नोकरीला, आणि लेकीनं गावाबाहेर दोन एकरांची एक जुनी वाडी घेतलेली. ही मुलगी धारवाडच्या कृषी विद्यापीठात शिकली, तेव्हा तिचे वडीलच म्हणाले होते, "शेती शिकून पोरीनं काय करायचं? शेत तर भावाकडंच राहणार." ते वाक्य तिनं कधी उगाळलं नाही. पण हजारो मैलांवर जाऊन, जिथं जूनमध्येही स्वेटर उतरत नाही अशा डोंगरात, तिनं दोन एकरच घ्यावेत, याला मी योगायोग म्हणत नाही.

आमच्या बेळगावकडच्या माणसाला वेल्स परका वाटू नये. रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या दोन भाषांत. डांबरावर पांढऱ्या अक्षरांत 'आराव' असं वेल्शमध्ये लिहिलेलं आणि त्याच्या शेजारीच तेच इंग्रजीत. अर्थ एकच, हळू जा. कुठली भाषा वर नि कुठली खाली, यावरून तिकडंही वाद झालेले. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून चळवळीतल्या तरुणांनी फक्त इंग्रजीत असलेल्या पाट्यांना रंग फासला, खटले झाले, पोरं तुरुंगात गेली. हे मला लेकीच्या शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सांगितलं, तेव्हा मी त्याला आमची गोष्ट सांगितली. दोघंही मोडक्या इंग्रजीत बोलत होतो. म्हणजे मी मोडक्या, तो आपल्या वेल्शच्या चालीवर. पण पाट्यांचं दुःख दोघांनाही लगेच कळलं.

माझ्या बॅगेत वर कुंद्याचा डबा होता, त्याखाली शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, आणि अगदी तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक कागद. हक्कसोडपत्राचा मसुदा, आणि त्यासाठी लागणारं मुखत्यारपत्र.

आमचे हे २०२१ मध्ये गेले. मागं चार एकर वडिलोपार्जित जमीन. वारस तिघं : मी, मुलगा आणि लेक. मुलाचं उद्यमबागेत लहानसं वर्कशॉप आहे. करोनाच्या दोन वर्षांत कामं थांबली, कर्ज वाढलं. रस्त्याकडेच्या दोन एकरांना चांगला भाव येत होता. मुलगा वाईट नाही, हे आधीच सांगते. निघताना त्यानं एवढंच म्हटलं, "तू समोर बसून सांगितलंस तर ती नाही म्हणायची नाही. गोडीगुलाबीनं होऊन जाईल. कोर्टकचेरीत नाती कडू होतात, आई."

मलाही ते पटलं होतं.

तिथं पोचून आठ दिवस झाले नाहीत तोवर माझे हात शिवशिवू लागले. वाडीत माती काळीभोर, भुसभुशीत. ऊन पडलेलं. कोपऱ्यात एक वाफा रिकामा. लेक बाजाराला गेल्याचं निमित्त साधून मी पुडीतलं निम्मं बी घेतलं आणि वीतभर अंतरावर, दोन सरळ तासांत, बोटानं टोकून टाकलं. आपल्याकडं मृगाचा पाऊस पडला की परड्यात मका टोकायचा, तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोंभ वर, आणि गणपतीला कणसं शेगडीवर. शेजारची कानडी मावशी त्याला गोविनजोळ म्हणायची, आम्ही मका म्हणायचो. तिखट-मीठ-लिंबू दोघींचंही एकच. पन्नास वर्षांच्या या अनुभवावर मी शेती शिकलेल्या मुलीला चकित करणार होते.

लेक परत आली. वाफ्याकडं बघून म्हणाली, "काय करूलीस गं आई?"

मी सांगितलं. ती रागावली नाही. आत जाऊन एक लांब दांड्याचा तापमापक घेऊन आली, मातीत खोचला आणि मला वाचायला लावला. आठ अंश.

"मका दहा अंशांखाली काहीच करत नाही. आणि हा जास्त गोड मका तर पंधराच्या खाली कोंभ काढायलाही कुरकुरतो. बघू या," ती म्हणाली.

बघितलं. तीन आठवड्यांनी माती उकरली, तर माझं तीस बी मऊ, बुरशी धरलेलं, बोटाला चिकटणारं. दोन कोंभ वर आले होते, ते गोगलगायींनी एका रात्रीत खाल्ले.

मग तिनं मला त्या सुरकुत्यांचा अर्थ समजावून सांगितला. मक्याच्या दाण्यात आधी साखर येते, आणि दाणा पिकत जातो तसं त्या साखरेचं पीठ होतं. ते पीठ म्हणजे कोंभाची शिदोरी. कोंभाला पान फुटून उन्हावर जगता येईपर्यंत तो त्या शिदोरीवर जगतो. गोड मक्यात एका जनुकाच्या दोषामुळं साखरेचं पीठ नीट होतच नाही. म्हणून हिरवा असताना दाणा गोड लागतो, आणि वाळला की आत भरायला काही नसल्यानं सुरकुततो. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी असा गोड मका शेकडो वर्षं जपला होता. पुढं १९५० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातल्या जॉन लॉफनन यांनी आणखी एका सुरकुतलेल्या दाण्याच्या मक्यात साखर कितीतरी जास्त असते हे दाखवून दिलं, आणि त्यातून आजच्या जास्त गोड जाती आल्या. आपल्या बाजारात उकडून, लोणी-मसाला लावून पेल्यात मिळतो तो मका बहुधा याच कुळातला.

"म्हणजे," मी म्हटलं, "सगळा गोडवा खाणाऱ्याच्या वाट्याला, आणि बियाच्या पदरात काही नाही."

"तसंच. म्हणून थंड जमिनीत ते तग धरत नाही. शिदोरी संपते, कुजतं. त्याला आधी ऊब द्यावी लागते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. बॅग पलंगाखालीच होती.

६ मे रोजी तिनं उरलेलं बी कागदाच्या लांब नळ्यांत पेरलं. संडासातल्या कागदाच्या गुंडाळीच्या आत जी नळी असते, ती वर्षभर साठवून ठेवलेली. मक्याला मुळं हललेली खपत नाहीत. नळीसकट रोप लावलं की नळी मातीत कुजून जाते आणि मुळांना कळतही नाही. एका नळीत एक बी, बोटाच्या पेराएवढं खोल, आणि नळ्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत. काचघरात ठेवल्या असत्या तर उंदरांनी एकेक बी वेचून नेलं असतं, हा तिचा आदल्या वर्षीचा धडा. आठव्या दिवशी कोंभ दिसले. माझ्याकडून वाया गेलेल्या तिसांच्या जागी तिनं गावातून दुसरी पुडी आणली होती. सगळी मिळून चाळीस रोपं झाली.

ती एक वही ठेवायची. रोज सकाळी नऊला दिवसाचं कमाल आणि किमान तापमान लिहायचं, आणि शेजारी एक आकडा. मी बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत गणित शिकवलं, त्यामुळं तो आकडा मला गप्प बसू देईना. तिनं हिशेब सांगितला. कमाल १८, किमान ८. बेरीज २६, निम्मे १३. त्यातून १० वजा करायचे, कारण दहाच्या खालची ऊब मक्याच्या कामाची नाही. उरले ३. ही त्या दिवसाची मक्याची कमाई. अशी कमाई साठत साठत ठरावीक आकड्याला पोचली की कणीस तयार. दिवस किती गेले याला महत्त्व नाही, ऊब किती साठली याला आहे.

मी लगेच बेळगावचा जून मांडला. कमाल २८, किमान २१ धरू. बेरीज ४९, निम्मे साडेचोवीस, वजा दहा, उरले साडेचौदा. म्हणजे आपल्या परड्यातला एक दिवस तिथल्या जवळजवळ पाच दिवसांबरोबर. आपल्याकडं मका आपोआप येतो असं आपण समजतो. तो आपोआप येत नाही, आपल्या आभाळाची मिळकत एवढी मोठी आहे की हिशेब ठेवावा लागत नाही. जिथं मिळकत तीन-तीन पैशांची, तिथं वही ठेवावी लागते. मका, ऊस, जोंधळा ही सगळी उन्हाची लेकरं. त्यांना बावन्न अक्षांशावर वाढवायचं म्हणजे लहान पगारात मोठं कुटुंब चालवण्यासारखं आहे.

रोपं दहा दिवस सकाळी बाहेर, संध्याकाळी आत, अशी सवयीची केली. तिकडं मे संपेपर्यंत दहिवराची भीती असते, आणि एका रात्रीचं दहिवर मक्याला पुरेसं असतं. ५ जूनला जमीन चौदा अंशांवर आली. मग लावणी.

इथं माझी दुसरी चूक. मी दोन लांब तासांची दोरी लावून ठेवली होती. लेकीनं दोरी काढली आणि सहा बाय सहाचा चौकोन आखला, रोपारोपांत दीड फूट. छत्तीस रोपं एका चौकोनात, चार जादा. मक्याचं परागण वाऱ्यावर होतं. शेंड्यावरच्या तुऱ्यातून पराग गळतो आणि खालच्या कणसाच्या केसांवर पडायला हवा. कणसाचा एकेक केस म्हणजे एकेका दाण्याची नळी. ज्या केसाला पराग मिळाला नाही, त्याचा दाणा भरत नाही. लांब एकेरी तासातला पराग वारा भलतीकडं घेऊन जातो. चौकोनात लावलं की कुठूनही वारा आला तरी कुणा ना कुणाच्या केसांवर पडतो. आपल्याकडं शिवारभर मका असतो म्हणून हे कधी लक्षात येत नाही. थोडी रोपं असली की ती एकमेकांना धरूनच लावावी लागतात.

पहिल्याच आठवड्यात पानं जांभळी पडली. मला वाटलं करपा आला. लेक म्हणाली, मुळं गारठली की मातीत स्फुरद असूनही त्यांना उचलता येत नाही, म्हणून पान जांभळं होतं; ऊब आली की आपोआप हिरवं होईल. तिनं वरून पांढऱ्या विरळ कापडाचं पांघरूण घातलं. आणि नशीब असं की त्या वर्षीचा जून ब्रिटनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण जून ठरला. वहीतले आकडे तीनावरून सात-आठावर गेले. पानं हिरवी झाली, बुंधे अंगठ्याएवढे झाले. मी रोज सकाळी बुंध्याला मातीची भर द्यायला जायची. मक्याला जमिनीच्या वर बोटभर उंचीवर आधाराची मुळं फुटतात. त्यांना माती मिळाली की तिथला दर्यावरचा वारा ताट लोळवू शकत नाही.

शेजारचे म्हातारबुवा कुंपणाशी येऊन उभे राहायचे. त्यांच्या भाषेत गोड मक्याला 'कॉर्न मेलिस' म्हणतात. मेलिस म्हणजे गोड. त्यांच्या तरुणपणी या उंचीवर कुणी मका लावायच्या फंदात पडत नसे, असं ते म्हणाले. नातू शाळेत वेल्श शिकतो. तो त्यांच्याशी वेल्श बोलायचा, माझ्याशी मराठी, आणि मक्याची ताटं मोजताना 'ईन, दाय, त्री' म्हणायचा. मी मुद्दाम "एक, दोन, तीन" म्हणत मागून यायची. शेवटी दोघांचाही आकडा छत्तीसच यायचा.

जुलै लागला आणि आभाळ फिरलं. महिनाभर गार पाऊस. नेमके त्याच महिन्याच्या शेवटी तुरे बाहेर पडले. ओल्या तुऱ्यातून पराग सुटत नाही, आणि सुटला तरी गोळा होऊन पडतो. केसांची वाट बघण्याची मुदत थोड्याच दिवसांची. तेव्हा आम्ही मायलेकी हातांनी ते काम करू लागलो. पाऊस उघडला, पानांवरचं पाणी वाळलं, की दहा-अकराच्या सुमारास एकेका ताटाला हलकेच टिचकी मारायची. पिवळी धूळ खाली पडायची. मी एका कागदाच्या पिशवीत तुरा झटकून ती धूळ बाजूच्या कणसांच्या मिशांवर टाकायची. नात्यागोत्यांत मध्यस्थी करणारी बाई असते ना, तसं. आयुष्यभर मी तेच काम केलं होतं. याच्या घरचं त्याच्या घरी, भावाचं बहिणीला.

ऑगस्टच्या अखेरीस कणसं भरत आली. मिशा तपकिरी होऊ लागल्या. मी रोज एखाद्या कणसाचं टोक किंचित उलगडून दाण्यात नख रोवून बघायची. पाण्यासारखं निघालं तर कच्चं. दुधासारखं निघालं तर तयार. घट्ट कणकेसारखं निघालं तर उशीर झाला. आपल्याकडं 'चिकात आलेलं कणीस' म्हणतात ते हेच. अजून पाणीच निघत होतं. आणखी आठ-दहा दिवस, असा माझा अंदाज.

एका सकाळी गेले, तर चौकोनाचा एक कोपरा भुईसपाट. बारा ताटं मोडलेली, कणसं फाडून अर्धवट चघळून टाकलेली. मला वाटलं डुक्कर. लेक म्हणाली, बॅजर. कुत्र्याएवढा, बुटका, तोंडावर काळे-पांढरे पट्टे, दिवसभर बिळात आणि रात्री बाहेर. कोल्हा काकडीला राजी म्हणतात, तसा हा गोड मक्याला. आणि त्याला हात लावायची सोय नाही. १९९२ च्या कायद्यानं त्याला संरक्षण आहे. करायचं ते एवढंच, की चौकोनाभोवती जमिनीपासून वीतभर आणि हातभर उंचीवर विजेच्या सौम्य झटक्याच्या दोन तारा ओढायच्या.

त्या दिवशी दुपारभर आम्ही खुंट्या ठोकत होतो. मोडलेल्या ताटांकडं बघून माझे डोळे भरून आले. लेक तार ताणता ताणता म्हणाली, "आई, दादाचा मे महिन्यातच फोन आला होता."

माझ्या हातातली खुंटी तशीच राहिली.

"कागदाचं मला माहीत आहे. तू कधी काढतेस याची वाट बघूलोय." इतकी वर्षं परदेशात, पण तोंडातलं बेळगाव काही गेलं नव्हतं. "तू 'सही कर' म्हणालीस तर करीन. फक्त तू म्हण. दादानं सांगितलं म्हणून नको, आणि नातं गोड राहावं म्हणून नको."

मी खाली बसले. आणि जे मी तिला, तिच्या वडलांना, कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

१९८१ मध्ये माझे वडील गेले. वर्षश्राद्ध झालं, आणि दोन्ही भाऊ मला जीपमधून सबरजिस्ट्रार कचेरीत घेऊन गेले. वाटेत एका हॉटेलात मसाला डोसा खाऊ घातला. कागद कानडीत होता. मला कानडी वाचता येत होतं, तरी मी वाचला नाही. वाचला असता तर अविश्वास दिसला असता. सही केली. घरी आल्यावर वहिनीनं माझ्या ओटीत एक इरकल साडी घातली, जांभळी, टोप पदराची. सगळे म्हणाले, पोरगी गुणाची. मलाही अभिमान वाटला. पुढं आमचं घर बांधताना पाच हजार कमी पडले तेव्हा मी माहेरी गेले. भाऊ म्हणाला, "बघतो." त्याच्या त्या "बघतो"मध्ये सगळं होतं. नाती गोडच राहिली. दिवाळीला, संक्रांतीला अजून फोन येतो. पण माझ्या पोटात काय वाळून गेलं, ते त्यांना कधी कळलं नाही. ती इरकल मी एकदाच नेसले.

२००५ मध्ये कायदा बदलला आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्माचा वाटा मिळाला. त्याआधी १९९४ मध्ये कर्नाटकानं आपल्यापुरती तशी दुरुस्ती केलीच होती. मी मास्तरीण, वर्तमानपत्रातलं कात्रण कापून शाळेच्या फलकावर मीच लावलं होतं. आणि तीच मी, माझ्या लेकीसाठी तसाच कागद घेऊन आले होते. साडीऐवजी कुंद्याचा डबा.

"तू सही करू नकोस," मी म्हटलं.

लेक काही बोलली नाही. तिनं तार घट्ट केली, बटण दाबलं, आणि गवताची काडी लावून झटका बसतो का ते बघितलं. मग म्हणाली, "दादाचं कर्ज खरं आहे आई. त्याचं काय करायचं ते बघू. पण हिशेबानं बघू."

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिकडं अवचित ऊन तापलं. वहीतले आकडे जूनसारखे वर गेले. दहाव्या दिवशी नख रोवल्यावर दूध निघालं. तिथली जुनी माणसं म्हणतात, आधी चुलीवर आधण ठेवावं आणि मग कणीस तोडायला जावं. कारण तोडल्या क्षणापासून साखरेचं पीठ व्हायला लागतं. या नव्या जातीत ते फार सावकाश होतं, तरी आम्ही आधण ठेवूनच गेलो. कणीस खाली वाकवायचं, पिळायचं, की कट्कन सुटतं. उरलेल्या चोवीस ताटांची सव्वीस कणसं निघाली. जुलैच्या पावसात काही केस कोरडे राहिले होते. त्या कणसांत मधे मधे बोळकं दिसायचं. नातवानं कणसावरच्या ओळी मोजल्या, चौदा. दुसऱ्याच्या सोळा. ओळी नेहमी समच भरतात, हे त्याला मी दाखवलं तेव्हा तो सगळी कणसं मोजत सुटला.

चार मिनिटं उकळून आम्ही ती खाल्ली. म्हातारबुवांना चार दिली. गोडवा असा, की मीठ-तिखटाची आठवणही झाली नाही. पण खाताना मला सारखी ती पुडी आठवत होती. एवढा गोडवा द्यायचा तर बियाला काय सोसावं लागतं, हे खाणाऱ्याला कुठून दिसणार? आपल्या घरांत लेकीला लहानपणापासून 'गोड' व्हायला शिकवतात. गोड बोल, गोडीनं घे, गोड मानून घे. आणि मग तिला परक्या, थंड जमिनीत नेऊन टोकतात. ज्यांची शिदोरी काढून घेतली, त्यांनी तिथं तग धरला नाही की म्हणतात, बीच कमकुवत.

मी सप्टेंबरअखेर परत आले. मुलाला कागद कोराच दाखवला. दोन महिने तो माझ्याशी कामापुरतं बोलला. मग दिवाळीत बहिणीचा फोन आला, भाऊबीजेच्या दिवशी. दोघं तासभर बोलले. काय ठरलं ते थोडक्यात सांगते. रस्त्याकडेचा एक एकर विकला, विकणार म्हणून तिघांच्या सह्या झाल्या. लेकीनं आपला वाटा भावाला कर्जाऊ दिला, लिहून, मुदत घालून, व्याज न घेता. उरलेल्या तीन एकरांच्या उताऱ्यावर तिघांची नावं आहेत. मुलगा दर तीन महिन्यांनी हप्ता भरतो आणि बहिणीला कळवतो. पूर्वी ती दोघं सणावारी गोड गोड बोलायची. आता भावाचा फोन कर्जाच्या निमित्तानं येतो आणि अर्धा तास चालतो. वर्कशॉपची काळजी, पोरांच्या फिया, तिच्याकडचं हवामान, सगळं निघतं. हप्ता चुकला तर आधी सांगतो. एकदा चुकला होता. तीही रागावली, स्पष्ट बोलली. आठ दिवस माझा जीव खालीवर. पण काही तुटलं नाही.

तो न वापरलेला कागद मी फाडला नाही. जुन्या ट्रंकेत, इरकलीच्या घडीत ठेवला आहे. नातसून येईल तेव्हा दाखवीन.

यंदाच्या मे महिन्यात लेकीचा फोन आला. आमच्याकडं वळीव कोसळत होता, पत्र्यावर आवाज एवढा की तिचं बोलणं ऐकू येईना. ती ओरडून म्हणाली, "आई, रोपं वीतभर झालीत. आज माती बारा अंशांवर आली. लावू का?"

मी म्हटलं, "थांब अजून चार दिवस. घाई करू नको."